सोडल की सोडलं? एका टिंबाची गोष्ट

आजचा भाग फक्त एका टिंबावर.

काटोलला आमच्या आबांना आता बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून घरचे मेसेज त्यांना फोनच वाचून दाखवतो. परवा भावानं टाइप केलं, 'बगीच्यात पाणी सोडल.' आबांना ऐकू आलं, 'सोडेल.' आता हा पोरगा कधी सोडेल, असं म्हणत ते भर उन्हात बगीच्यात गेले. बघतात तर संत्र्याची आळी आधीच भरलेली!

फोन चुकला का? नाही. जे लिहिलं तेच त्यानं वाचलं.

कसं ते बघा. मराठीत शब्दाच्या शेवटचा 'अ' आपण सहसा बोलत नाही. 'घर' लिहितो, 'घर्' म्हणतो. मधलेही काही 'अ' गळतात. शेवटून मोजत या. 'उतरवला' घ्या. 'ला' पक्का. त्याआधीच्या 'व'मधला अ गळतो, 'र'मधला टिकतो, 'त'मधला गळतो. एक आड एक. म्हणून बोलताना तुकडे पडतात उत-रव-ला. पहिल्या अक्षराचा स्वर मात्र टिकतो, म्हणून 'समजला'चे तुकडे स-मज-ला.

आता 'सोडल'. शेवटचा अ गेला, 'ड'मधला टिकला: सो-डल. कानाला अगदी 'सोडेल'सारखं. आणि 'सोडलं'? इथे टिंब नाकातल्या आवाजासाठी नाही. ते सांगतं, शेवटचा अ बोलायचा आहे. मग 'लं' पक्का, 'ड'मधला अ गळाला: सोड-लं. टिंबामुळे तोडायची जागा सरकली आणि काळही बदलला.

इटालियनमध्ये हेच काम जोर करतो. 'पार्लो' म्हणताना 'पार'वर जोर दिला तर 'मी बोलतो'. 'लो'वर दिला तर 'तो बोलला'. दुसऱ्या रूपात शेवटच्या स्वरावर एक छोटी तिरकी रेघ लिहावीच लागते. मराठीत जोर बदलून क्रियापदाचा काळ बदलत नाही. आपली ती रेघ म्हणजे हे टिंब.

युनिकोडमध्ये अनुस्वाराला स्वतःचा वेगळा क्रमांक आहे, ०९०२. तो टाइपच केला नाही, तर फोनपर्यंत पोचणार कुठून?

म्हणून झालं, केलं, पाठवलं लिहिताना टिंब द्या. कंटाळा येत असेल तर सरळ 'सोडले' लिहा, तेही बरोबरच. आपण डोळ्यांनी वाचतो, चालवून घेतो. पण पलीकडे कोणी फक्त ऐकत असेल.

भेटू पुढच्या भागात!