हापाओतला कापणीचा दिवस

पहाटे ४

राळेने माखलेली पाइनची ढलपी चुलीत टाकली की जाळ लगेच धरतो. एकीकडे भात शिजतो, दुसरीकडे डुकरांसाठी रताळी आणि त्यांचे वेल रटरटतात. घरीच भाजून कुटलेली कॉफी साखर घालून काळीच प्यायची. फिलिपिन्सच्या लुझोन बेटावर, इफुगाओ प्रांतातल्या हापाओ गावात जुलैअखेरीस कापणी सुरू झाली की अनेक घरांत दिवस असा उजाडतो. त्यांतल्या एका घरातली पन्नाशी ओलांडलेली बाई आपण डोळ्यांपुढे धरू या. ती भावंडांत थोरली, म्हणून भातखाचरं तिच्याकडे आली. इफुगाओंमध्ये वडिलोपार्जित भातजमीन पहिल्या अपत्याला मिळते, मग तो मुलगा असो की मुलगी. त्यामुळे जमिनीचे तुकडे पडत नाहीत. धाकट्यांना मात्र पोटासाठी बाहेरची वाट धरावी लागते.

पहाटे ५

ती वाट जीपनीची, म्हणजे प्रवासी जीपगाडीची. टपापर्यंत भरलेली गाडी धुक्यातून शेजारच्या बनावे गावाच्या दिशेने निघते. आत कॉलेजची मुलं, भाजीची पोती, कधी लाकडी मूर्तींची गाठोडी. हापाओचे लोक लाकूडकामात तरबेज. त्यांतले कितीतरी कारागीर बागिओ शहराजवळ जाऊन स्थिरावले आणि तिथल्या रस्त्यालगत मूर्ती विकू लागले. बनावेहून रात्रीची बस मनिलाला जाते. हुंगदुआन ही हापाओची नगरपालिका, पण शहर म्हणावं असं तिथे काही नाही. नऊ बारांगाय, म्हणजे ग्रामपंचायतीसारखे नऊ गाव-विभाग, आणि सगळे मिळून नऊ हजारांच्या आसपास माणसं. दऱ्या, नद्या आणि २,६०० मीटरांहून उंच नापुलावान डोंगर यांच्यामध्ये ती विखुरलेली. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी जनरल यामाशिताचं जपानी सैन्य याच डोंगरांत अडकून पडलं होतं.

सकाळी ६

शेतावर जायला वेगळी पायवाट नाही. बांधाचा माथा हीच वाट. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला खालच्या खाचरापर्यंत सरळ उतरलेली भिंत, आणि पाय ठेवायला वीतभर रुंद दगड. हापाओचे बांध दगडी आहेत, नदीतले गोटे एकावर एक रचलेले, बिनचुन्याचे. १९९५ साली युनेस्कोने कॉर्डिलेरा पर्वतरांगेतल्या भातखाचरांचे पाच समूह जागतिक वारशात घेतले. त्यांत एक हुंगदुआनचा. फोटोत ती हिरव्या पायऱ्यांसारखी सुबक दिसतात. पहाटे त्यावरून अनवाणी चालणारी बाई मात्र प्रत्येक दगड तपासत जाते: कुठला हलतोय, कुठे पाझर फुटलाय, खेकड्याने कुठे बीळ पाडलंय. ती चालता चालताच पायाच्या अंगठ्याने चिखल दाबते आणि पुढे जाते. हे काम कुठल्याही मजुरीच्या हिशेबात येत नाही, आणि त्यावरच सगळं उभं आहे.

ही खाचरं दोन हजार वर्षांची आहेत असं पाठ्यपुस्तकांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं गेलं. पुरातत्त्वज्ञ स्टीफन अकाबादो यांनी इफुगाओतल्याच कियांगानच्या जुन्या गावठाणात उत्खनन केलं. त्यांच्या मते इथली पाणभरली भातशेती स्पॅनिश लोक आल्यानंतरच्या काळातली आहे. सखलातून हटलेल्या लोकांनी डोंगरात आसरा घेतला आणि भात वर नेला. मला हा शोध जुन्या कथेहून मोठा वाटतो. एवढे डोंगर एवढ्या थोड्या पिढ्यांनी रचले, आणि स्वतःच्या जमिनीवर स्वतःच्या मर्जीने राहण्यासाठी रचले.

सकाळी ७

उब्बू जमतो. इफुगाओंची ही सावड: आज सगळ्यांनी माझ्या खाचरात राबायचं, उद्या मी तुमच्या. पैसे नाहीत, जेवण यजमानाचं. गटात पंधरा-वीस जणी. बहुतेक पन्नाशी-साठीच्या, तरुण फार थोड्या.

कापणीपूर्वी बियाणं निवडलं जातं. अनुभवी बाया उभ्या पिकातून फिरतात आणि भरलेल्या, सारख्या पिकलेल्या, रोग नसलेल्या लोंब्या वेगळ्या खुडून ठेवतात. पुढच्या वर्षाचं भात त्यांच्या नजरेवर ठरतं. मग ओळ धरून सगळ्या पाण्यात उतरतात. विळा इथे चालत नाही. तळहातात मावेल एवढं पातं बोटांमध्ये धरून एकेक लोंबी लांब दांड्यासकट कापायची, मूठ भरली की दुसऱ्या हाती द्यायची, पुरेशा झाल्या की पेंढी बांधायची. या पेंढीला बोतोक म्हणतात. भाताचं वाण तिनावोन: उंच, थंडी सोसणारं, वर्षातून एकदाच येणारं. डिसेंबरच्या सुमारास रोपवाटिका, जानेवारी-फेब्रुवारीत लावणी, आणि त्यानंतर पाच-सहा महिन्यांची वाट. सखलातली सुधारित वाणं वर्षाला दोनदा येतात. त्यांची ओढ अनेकांना लागली आहे, आणि ज्याच्या घरात पाच तोंडं आहेत त्याला दोष कसा द्यायचा?

कापताना गाणं सुरू होतं. हुडहुड हे इफुगाओंचं कथागीत. लावणीला, कापणीला आणि मयताच्या जागरणात ते गातात. एक म्हातारी पुढची ओळ उचलते, बाकीच्या शेवटचे शब्द घोळवत साथ देतात. अलिगुयोन, बुगान यांच्यासारख्या नायक-नायिकांच्या पराक्रमाच्या, प्रेमाच्या, समेटाच्या कथा दोनशेहून अधिक आहेत, आणि एक कथा पुरी गायची तर दिवस लागतात. २००१ मध्ये युनेस्कोने हुडहुडचा गौरव केला. आता मुलांना ते शिकवण्यासाठी वर्गही भरतात. वर्गात पाठ केलेलं हुडहुड आणि गुडघाभर पाण्यात, पाठ भरून आलेली असताना गायलेलं हुडहुड यांत फरक पडणारच. तरीही वर्ग हवेत. म्हाताऱ्या गेल्यावर मुलांना कुणाकडे तरी जाता आलं पाहिजे.

दुपारी १२

बांधावर जेवण. डोंगराएवढा भात, घेवड्याची शेंग, खाचरातल्या गोगलगाई, डबाबंद सार्डिन. सोबत बायाह, घरी आंबवलेली तांदळाची दारू, आणि शेवटी सुपारीचं पान. गोगलगाईंची कथा मात्र वाईट आहे. इथली देशी गोगलगाय मुलं ओंजळीने वेचायची. १९८० च्या दशकात फिलिपिन्समध्ये खाण्यासाठी म्हणून दक्षिण अमेरिकेतली सोनेरी गोगलगाय आणली गेली. ती खाल्ली जाण्यापेक्षा पसरलीच जास्त, आणि कोवळी रोपं फस्त करू लागली. आता लावणीनंतर तिची गुलाबी अंडी खरवडून काढायचं जादा काम याच बायांच्या माथी आलं आहे.

दुपारी १

पुरुष पेंढ्या काठीला अडकवून खांद्यावरून वर नेतात. उरलेले दोघे-तिघे ढासळलेल्या बांधाकडे वळतात. खाचराला पाणी बारा महिने लागतं. ते आटलं की माती भेगाळते, पुढच्या पावसाचं पाणी भेगांतून आत शिरतं, भिंत फुगते आणि एका रात्रीत खाली येते. खालच्याचं खाचर गाडलं जातं, त्याच्या खालच्याचं पाणी तुटतं. म्हणून एकाने शेत सोडलं की त्याचा भार खालच्या सगळ्यांवर येतो. पाण्याचं मूळ आणखी वर, मुयोंगमध्ये. मुयोंग म्हणजे घराण्याने राखलेलं जंगल. तिथून लाकूड, वेत, औषध मिळतं आणि झरे जिवंत राहतात. २००१ ते २०१२ अशी अकरा वर्षं ही खाचरं युनेस्कोच्या धोक्यातल्या वारशाच्या यादीत होती. धोका कुणाच्या हल्ल्याचा नव्हता. दगड परत जागेवर लावणारे हात कमी झाले होते.

दुपारी ३

पाऊस. वाळत घातलेल्या पेंढ्या अंगणातून घराखाली ओढायला पोरंबाळं धावतात. शाळा सुटलेली असते. बनावेची जीपनी परत येते, आणि तिच्यातून तांदळाची पोती उतरतात. तिनावोन कित्येक घरांना वर्षभर पुरत नाही. त्यामुळे ऐन कापणीच्या दिवसांतही सखलातला तांदूळ विकत येतो, हे पाहून जीव कळवळतो.

संध्याकाळी ५

कोरडी पेंढी आलांगमध्ये जाते. आलांग म्हणजे खांबांवर उभं असलेलं धान्यकोठार. खांबांना लाकडाच्या गोल तबकड्या, उंदीर चढू नयेत म्हणून. काही घरांत आत बुलुल, धान्य राखणारी लाकडी मूर्ती, अजून बसलेली आहे. मंत्र म्हणणारा मुम्बाकी आता शोधावा लागतो. बहुतेक लोक ख्रिस्ती झाले आहेत, तरी कापणी पुरी झाल्यावर हापाओ, बाआंग आणि नुंगुलुनानचे लोक नदीपात्रात उतरून पुन्नुक खेळतात, गवताच्या पेंढीची आणि आकड्याच्या काठ्यांची रस्सीखेच. कंबोडिया, कोरिया आणि व्हिएतनामच्या अशाच खेळांबरोबर २०१५ मध्ये त्यालाही युनेस्कोची मान्यता मिळाली.

रात्री ८

जेवण आटोपलं की फोन घेऊन रेंज मिळेल तिथे जायचं. परदेशात कामाला गेलेली मुलगी पलीकडे. ती थोरली आहे, म्हणजे ही खाचरं पुढे तिची. आई बांधाची गोष्ट काढते, मुलगी पैसे पाठवते म्हणते, मजूर लाव म्हणते. मजूर लावता येतो. पण सगळीच घरं मजूर लावू लागली तर उब्बू कुणात व्हायचा, आणि मजूर तरी कुठून आणायचे? आई वाद घालत नाही. मग ती शेजारणीकडे जाते आणि हिशेब लावते. आज आठ घरांतून हात आले, त्यांतली दोन देणी फिटली. उद्याची पाळी नदीपलीकडच्या खाचराची आहे, तिथे सहाला पोचायचं, आणि शेजारणीच्या सुनेला ताप असल्यामुळे तिच्या वाट्याचं कापायचं कामही आपणच करायचं, असं ठरतं.