मुसंदमच्या खाड्या

दुबईच्या जुमेरा लेक टॉवर्समधील तळी माणसाने खोदलेली आहेत. तेथून मोटारसायकलने रास अल खैमामार्गे सीमा ओलांडावी. एका बाजूस कडा, दुसऱ्या बाजूस समुद्र अशा वळणावळणाच्या रस्त्याने सुमारे २०० किलोमीटरवर ओमानचे खसब लागते.

नॉर्वेच्या खाड्या हिमनद्यांनी कोरल्या. येथे जमीन खचून दऱ्यांत समुद्र शिरला. खोर शम पाहण्यासाठी मोटारसायकल खसबला ठेवून गलबतात बसावे लागते. तेथील बेटावर १८६४ च्या सुमारास इंग्रजांनी कराचीकडे जाणाऱ्या समुद्री तारेचे ठाणे उभारले. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती.

आज तेथे पर्यटकांची गर्दी असते. काठच्या कोळ्यांच्या वस्त्यांना मात्र रस्ता नाही. पिण्याचे पाणीही बोटीने येते. आपण बेटावरची माणसे हे जाणतो. तेथे जाल तेव्हा आपला कचरा परत आणा.