शालेय यश आणि विद्यार्थ्याची भाषा

शहरातील सार्वजनिक शाळांमध्ये काही मुले मागे का पडतात, असे विचारल्यास आपण प्रथम इमारत, ग्रंथालय, शिक्षकसंख्या यांकडे बोट दाखवतो. अमेरिकेत १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या जेम्स कोलमन यांच्या अहवालाने ही समजूत अपुरी ठरवली. सुमारे ४,००० शाळांच्या पाहणीतून असे दिसले की, यशातील तफावत साधनसामग्रीपेक्षा कौटुंबिक पार्श्वभूमीशी अधिक निगडित असते.

यावर काही अभ्यासकांचे म्हणणे असे की, गरीब घरांतील मुलांची भाषाच तोकडी असते. भाषावैज्ञानिक विल्यम लबॉव्ह यांनी ते १९६९ साली खोडून काढले. न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतील आठ वर्षांचा एक मुलगा मुलाखतीत एकदोन शब्दांपलीकडे बोलत नव्हता. पुढील खेपेस तोच मुलाखतकार बटाट्याचे वेफर्स आणि मुलाचा मित्र यांना घेऊन आला व जमिनीवर बसला. मुलगा भरभरून बोलू लागला. भाषा त्याच्यापाशी होतीच. परिस्थितीने ती अडवली होती.

आपल्याकडेही अहिराणी किंवा मालवणी घेऊन वर्गात येणाऱ्या मुलाचे मौन अनेकदा मंदबुद्धीचे लक्षण मानले जाते. प्रमाणभाषा शिकवणे आवश्यकच आहे. परंतु बोलीला ‘अशुद्ध’ म्हणून गप्प केलेले मूल ती शिकणार कशी?

स्वयं-अध्ययन प्रश्न : तुमच्या शालेय जीवनात घरची बोली आणि वर्गाची भाषा यांत कोणते अंतर होते? त्याचा तुमच्या अध्ययनावर काय परिणाम झाला, ते सोदाहरण लिहा.