पी आणि एफ एका पातळीवर

पाश्चात्त्य स्वरलिपीत पाच रेषांच्या खाली ‘पी’ म्हणजे हळू आवाजात, ‘एफ’ म्हणजे मोठ्या आवाजात अशा खुणा असतात. त्या वरखाली झाल्या की वादकाची नजर अडखळते. १९९६ साली नेदरलँड्समध्ये सुरू झालेल्या लिलीपाँड या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये हे हमखास घडतं. प्रत्येक खूण आपल्या वरचा स्वर किती खाली उतरलाय ते पाहून जागा घेते. शेजारची मात्र वरच राहते. खुणा हाताने सरकवू नका, पुढे एक स्वर बदलला की सगळं पुन्हा विस्कटतं. पियानोसाठी दोन्ही हातांच्या पाच-पाच रेषांच्या मधोमध फक्त खुणांची वेगळी ओळ टाका. मग त्या एका पातळीवर बसतात. खुणांसोबत मजकूरही असेल, तर तो कुठे जाणार, ते प्राधान्याच्या आकड्यावर ठरतं: मुळात खुणांचा २५०, मजकुराचा ४५०. लहान आकडा रेषांच्या जवळ.