घर की सॅनिटोरियम : चेन्नईच्या क्षयरोग संशोधन संस्थेची ओळख

चेन्नईच्या चेटपेट भागातली राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था १९५६ साली सुरू झाली, ती केवळ पाच वर्षांच्या बोलीने. तेव्हा शहराचे नाव मद्रास होते आणि संस्थेचे नाव क्षयरोग औषधोपचार केंद्र. केंद्रापुढे प्रश्न एकच होता. क्षयाच्या गरीब रुग्णाला सॅनिटोरियममध्ये न हलवता, त्याच्या दाटीवाटीच्या घरात आणि रोजच्या अपुऱ्या जेवणावर ठेवून, केवळ औषधांनी बरे करता येईल का? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद अशा चौघांनी मिळून हे केंद्र उभारले. ब्रिटिश डॉक्टर वॉलेस फॉक्स त्याचे पहिले संचालक झाले. तीन वर्षांत मिळालेल्या उत्तराने जगभरच्या क्षयोपचाराची रीत पालटली आणि पाच वर्षांसाठी आलेली संस्था कायमची राहिली.

सॅनिटोरियमचा काळ

रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी क्षयाचा जंतू जगापुढे मांडला. रोगाचे कारण कळले, पण त्यावरचे औषध हाती यायला साठाहून अधिक वर्षे गेली. मधल्या काळात उपचार म्हणजे विश्रांती, मोकळी हवा आणि सकस आहार. त्यासाठी गावाबाहेर, शक्यतो डोंगरावर, सॅनिटोरियम बांधली जात. भारतातले असे पहिले सॅनिटोरियम १९०६ मध्ये अजमेरजवळच्या तिलोनियाला निघाले. महाराष्ट्रात पाचगणीचे बेल-एअर १९१२ मध्ये सुरू झाले आणि पुढे मिरजेजवळ वानलेसवाडीचे सॅनिटोरियम उभे राहिले. रुग्ण तिथे महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे राहत. काही बरे होऊन परत येत, पुष्कळ जण येत नसत.

१९४० नंतरच्या दशकात चित्र बदलले. अमेरिकेत सेलमन वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिन सापडले. त्याच सुमारास स्वीडनमध्ये यॉर्गन लेमान यांनी पॅरा-अमायनोसॅलिसिलिक आम्ल, म्हणजे पीएएस, पुढे आणले. १९५२ मध्ये आयसोनियाझिडचा गुण सिद्ध झाला. हे औषध स्वस्त होते, तोंडाने घेता येत होते आणि जंतूंवर जोरदार चाले. मात्र कोणतेही एकच औषध दिले की त्याला न जुमानणारे थोडे जंतू मागे उरत, वाढत आणि रोग पुन्हा उलटे. दोन औषधे एकदम दिली तर एकाला दाद न देणारा जंतू दुसऱ्याच्या तडाख्यात सापडतो. क्षयाच्या सगळ्या आधुनिक उपचारांचा पाया हाच आहे.

औषधे आली तरी वैद्यकाची सवय सुटली नव्हती. श्रीमंत देशांत रुग्ण सॅनिटोरियममध्येच ठेवला जाई आणि तिथे त्याला औषधे दिली जात. भारतात रुग्ण लाखांनी होते, खाटा काही हजारच होत्या. सॅनिटोरियम अपरिहार्य असेल तर बहुसंख्य भारतीय रुग्णांना उपचार मिळणारच नव्हते. ते अपरिहार्य नसेल, तर तसे पुराव्यानिशी दाखवायला हवे होते.

चाचणीची आखणी

मद्रासच्या गरीब वस्त्यांतले १९३ रुग्ण या पहिल्या चाचणीत घेतले गेले. प्रत्येकाच्या फुप्फुसात क्षय होता आणि बेडक्यात जंतू सापडले होते. कोणाला कुठे ठेवायचे हे डॉक्टरांच्या किंवा रुग्णाच्या पसंतीवर सोडले नव्हते. चिठ्ठी टाकावी तशा यादृच्छिक पद्धतीने काहींच्या वाट्याला सॅनिटोरियम आले आणि काहींच्या वाट्याला स्वतःचे घर. ही खबरदारी चाचणीचा कणा होती. डॉक्टरांनी निवड केली असती तर जास्त आजारी माणसे नकळत सॅनिटोरियमकडे वळली असती आणि दोन गटांची तुलना फसवी ठरली असती.

औषधे दोन्ही गटांना सारखीच होती, आयसोनियाझिड आणि पीएएस, रोज, एक वर्षभर. पीएएसची मात्रा ग्रॅमांत मोजावी लागे आणि ते पोटाला जड जाई. बाकी सगळ्या गोष्टींत दोन गटांत जमीन-अस्मानाचा फरक होता. सॅनिटोरियममध्ये खाट, परिचारिका, विश्रांती आणि भरपूर जेवण होते. घरच्या रुग्णांना एकेका खोलीत अनेकांसोबत राहावे लागे, पुष्कळांना कामही करावे लागे आणि ताटात जे पडेल ते खावे लागे. ते ठरलेल्या दिवशी केंद्रात येऊन औषधे घेऊन जात. केंद्राचे कर्मचारी न सांगता त्यांच्या घरी जात, उरलेल्या गोळ्या मोजत आणि लघवीचा नमुना तपासायला नेत. आहाराचीही बारकाईने नोंद झाली. घरच्या रुग्णांचे जेवण सॅनिटोरियमच्या जेवणापेक्षा सर्व बाबतींत निकृष्ट असल्याचे त्यातून दिसले.

निकाल

पहिला अहवाल १९५९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या बुलेटिनमध्ये प्रसिद्ध झाला. वर्षअखेर सॅनिटोरियमच्या रुग्णांपैकी ९२ टक्के आणि घरच्या रुग्णांपैकी ८६ टक्के जंतुमुक्त झाले होते. सॅनिटोरियममध्ये वजन अधिक वाढले होते, पण रोग बरा होण्यात मोठे अंतर नव्हते. पाच वर्षे पाठपुरावा केल्यावर जे होते तेही मिटले. तेव्हा घरच्या गटातले ९० टक्के आणि सॅनिटोरियमच्या गटातले ८९ टक्के रुग्ण रोगमुक्त होते.

याचा अर्थ स्पष्ट होता. हवा, विश्रांती आणि आहार या सॅनिटोरियमच्या तीन आधारांवाचूनही औषधे आपले काम करत होती. शिवाय सॅनिटोरियमचे काही रुग्ण डॉक्टरांचा सल्ला न मानता मध्येच निघून गेले. घरी कमावणारे दुसरे कोणी नसले, लेकरे लहान असली, की वर्षभर दूर राहणे जड जाते. घरच्या उपचारात ही ओढाताण नव्हती.

घरातल्या माणसांचे काय

एक शंका उरत होती. जंतू बाहेर टाकणारा रुग्ण घरात ठेवला तर बायको, मुले, म्हातारे आई-वडील यांना लागण होणार नाही का? घरातल्यांना वाचवायचे म्हणूनच तर रुग्णाला दूर नेण्याची प्रथा होती. केंद्राने दोन्ही गटांच्या कुटुंबीयांवर पाच वर्षे लक्ष ठेवले. घरी उपचार घेणाऱ्यांच्या कुटुंबांत क्षय अधिक आढळला नाही. रोगाचे निदान होण्याआधीच्या महिन्यांत, खोकला चालू असताना, जो संसर्ग व्हायचा तो बहुतांशी होऊन गेलेला असतो. औषधे सुरू झाली की रुग्णाची संसर्ग पसरवण्याची ताकद झपाट्याने घटते. घरच्यांचे खरे रक्षण लवकर निदानात आणि नियमित औषधात आहे, हे यातून सिद्ध झाले. क्षयाच्या रुग्णाचे ताट-वाटी वेगळे करून त्याला कोपऱ्यात बसवणाऱ्या समाजासाठी हा निष्कर्ष औषधाइतकाच मोलाचा होता.

गोळी पोटात जाते की नाही

घरच्या उपचाराने नवा प्रश्न उभा केला. वर्षभर रोज गोळ्या घ्यायच्या, आणि दोन-तीन महिन्यांत खोकला थांबून बरे वाटू लागते. मग माणूस औषध सोडतो. केंद्राच्या पुढच्या चाचण्या बव्हंशी या अडचणीभोवती फिरत राहिल्या.

आयसोनियाझिडची दिवसाची मात्रा दोनदा विभागून देण्यापेक्षा एकाच वेळी दिली तर गुण अधिक येतो, असे दिसून आले. रक्तात औषधाची पातळी एकदा उंच जाणे हे ती दिवसभर मध्यम राहण्यापेक्षा अधिक उपयोगी ठरते. काही माणसांचे शरीर हे औषध झटपट निकामी करते, काहींचे सावकाश, आणि हा गुण आनुवंशिक असतो. केंद्रातले जीवरसायनतज्ज्ञ पी. आर. जे. गंगाधरम यांनी या विषयावर मोलाचे काम केले. सावकाश निकामी करणाऱ्यांत मोठ्या मात्रेने हातापायांना मुंग्या येण्याचा, मज्जातंतूंच्या दाहाचा त्रास अधिक होई. बी-६ जीवनसत्त्वाच्या अल्प मात्रेने तो टळतो, हेही तिथल्या अभ्यासातून निघाले.

यानंतर केंद्राने रोजच्या औषधाऐवजी आठवड्यातून दोनच दिवस औषध देऊन पाहिले. स्ट्रेप्टोमायसिनचे इंजेक्शन आणि आयसोनियाझिडची मोठी मात्रा, दोन्ही कर्मचाऱ्याच्या डोळ्यांदेखत. १९६४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत देखरेखीखालचा हा उपचार रोज घरी घेतलेल्या गोळ्यांपेक्षा उणा ठरला नाही, काकणभर सरसच ठरला. रुग्णाने औषध समोर घ्यावे, या जगभर डॉट्स नावाने पसरलेल्या पद्धतीचे एक मूळ या चाचणीत आहे. पुढे रिफाम्पिसिन हे औषध आल्यावर उपचाराचा काळ वर्षावरून काही महिन्यांवर आणण्याच्या चाचण्याही मद्रासमध्ये झाल्या. मणक्याच्या क्षयात शस्त्रक्रिया न करता, रुग्णाला चालते-फिरते ठेवून औषधे देण्याचा अभ्यासही झाला.

चाचणीतून कार्यक्रमाकडे

मद्रासच्या निकालामुळे राष्ट्रव्यापी कार्यक्रम आखता आला. बंगळूरला १९५९ मध्ये राष्ट्रीय क्षयरोग संस्था निघाली आणि १९६२ मध्ये जिल्हा हा घटक धरून राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम सुरू झाला. तुमकूर जिल्ह्यातल्या पाहणीत डी. बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांना दिसले की खोकल्याने बेजार झालेले निम्म्याहून अधिक लोक आपणहून दवाखान्यात जातात आणि खोकल्याचे औषध घेऊन परत येतात. रुग्ण दारापर्यंत येत होता, पण त्याचा बेडका कोणी तपासत नव्हता.

कार्यक्रमाला चाचणीची शिस्त लाभली नाही. औषधांचा तुटवडा, अपुरे कर्मचारी आणि अर्ध्यावर सुटलेले उपचार यांनी त्याला पोखरले. १९९२ च्या आढाव्यात निम्म्याहून कमी रुग्ण उपचार पूर्ण करत असल्याचे आढळले. त्यानंतर देखरेखीखालच्या उपचारावर बेतलेला सुधारित कार्यक्रम १९९३ मध्ये प्रायोगिक रूपात आणि १९९७ पासून व्यापक प्रमाणावर राबवला गेला.

नकारार्थी उत्तराचे मोल

मद्रासजवळच्या चेंगलपट्टू जिल्ह्यात १९६८ पासून क्षयप्रतिबंधक बीसीजी लशीची प्रचंड चाचणी झाली. सुमारे २ लाख ८० हजार लोकांना लस किंवा तिच्यासारखे दिसणारे निष्क्रिय द्रव्य टोचले गेले. लस उपयोगी ठरेल अशी सर्वांची अपेक्षा होती. १९७९ मध्ये बाहेर आलेल्या निकालाने ती मोडली. मोठ्या माणसांच्या फुप्फुसाच्या क्षयापासून या लशीने संरक्षण दिले नव्हते. पंधरा वर्षांच्या पाठपुराव्यानेही निष्कर्ष बदलला नाही. लहान मुलांना होणाऱ्या क्षयाच्या मेंदूज्वरासारख्या गंभीर प्रकारांत बीसीजी उपयोगी पडते, म्हणून जन्मतः ती आजही टोचली जाते. पण केवळ लशीने क्षय हटेल ही आशा सोडावी लागली. या चाचणीचे पथक आणि औषधोपचार केंद्र एकत्र येऊन १९७८ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे क्षयरोग संशोधन केंद्र झाले. आजचे नाव २०११ मध्ये मिळाले.

संस्थेने स्वतःच्या जुन्या निष्कर्षांनाही सूट दिली नाही. एक दिवसाआड औषध देण्याची पद्धत मद्रासच्या कामातूनच रुजली होती आणि सुधारित कार्यक्रमात आठवड्यातून तीनदा औषध दिले जाई. एचआयव्हीची लागण असलेल्या क्षयरुग्णांत ही पद्धत पुरेशी आहे का, हे संस्थेनेच तपासले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रोजचा उपचार सरस ठरला आणि दिवसाआडच्या उपचारात रिफाम्पिसिनला न जुमानणारे जंतू निर्माण होण्याचा धोका दिसला. २०१७ पासून राष्ट्रीय कार्यक्रमही रोजच्या औषधावर आला होता.

आहाराचा प्रश्न पुन्हा

पहिल्या चाचणीतून कधीकधी चुकीचा अर्थ काढला गेला, तो म्हणजे क्षयात अन्नाला महत्त्व नाही. चाचणीने एवढेच दाखवले होते की अपुऱ्या आहारातही योग्य औषधे रोग बरा करतात. अन्न कमी पडल्याने निरोगी माणसाला क्षय होतो का, हा प्रश्न तिने विचारलाच नव्हता.

तो प्रश्न झारखंडच्या चार जिल्ह्यांत २०१९ ते २०२२ या काळात तपासला गेला. अनुराग भार्गव आणि माधवी भार्गव यांच्या नेतृत्वाखालच्या या ‘रेशन्स’ चाचणीत चेन्नईची संस्था सहभागी होती. २,८०० रुग्ण आणि त्यांच्या घरांतली १०,३४५ माणसे तिच्यात होती. सगळ्या रुग्णांना शिधा मिळाला. निम्म्या गटांत त्यांच्या कुटुंबीयांनाही दरमहा तांदूळ, डाळ आणि जीवनसत्त्वे दिली गेली. शिधा मिळालेल्या कुटुंबीयांत क्षयाचे प्रमाण ३९ टक्क्यांनी आणि संसर्गजन्य क्षयाचे ४८ टक्क्यांनी कमी राहिले. हे निकाल ऑगस्ट २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. क्षयरुग्णाला आहारासाठी दरमहा पैसे देणारी केंद्र सरकारची निक्षय पोषण योजना २०१८ मध्ये ५०० रुपयांनी सुरू झाली होती. २०२४ मध्ये ही रक्कम १,००० रुपये झाली.

दोन्ही चाचण्या शेजारी ठेवल्या की क्षयाशी लढण्याची दोन अंगे दिसतात. झालेला रोग औषधाने बरा होतो, आणि त्यासाठी रुग्णाला घर सोडावे लागत नाही. त्याच घरातल्या बाकीच्यांना रोग होऊ नये म्हणून मात्र त्यांच्या ताटात पुरेसा भात-डाळ हवा. १९५६ मध्ये ज्या घरांत संशोधकांनी गोळ्या मोजल्या, तशाच घरांत साठ-पासष्ट वर्षांनी धान्य मोजून दिले गेले. हे दोन्ही हिशेब आज क्षयरोग कार्यक्रमाचा भाग आहेत.