विज्ञानाचा पाठ आणि शिक्षकाचे कृतिसंशोधन

प्राथमिक शाळेत विज्ञान शिकविणाऱ्या शिक्षकाला दोन प्रयोग करावे लागतात : एक मुलांसमवेत, दुसरा स्वतःच्या अध्यापनावर. या दुसऱ्यास कृतिसंशोधन म्हणतात. कुर्ट लेविन यांनी १९४६ च्या लेखात ही कल्पना विशद केली. स्टीफन कोरी यांच्या १९५३ च्या ग्रंथाने ती शाळांपर्यंत नेली.

चौथीच्या वर्गाचे उदाहरण घेऊ. मोड येण्यास उजेड लागतो काय? झाडाला ऊन लागते, तेव्हा बियांनाही लागत असले पाहिजे, असे मुलांना वाटते. वास्तविक घरी फडक्यात बांधून ठेवलेली मटकी त्यांनी पाहिलेली असते. भिजविलेली मटकी तीन वाट्यांत ठेवावी. एक ओल्या फडक्यावर उजेडात, दुसरी तशीच पण अंधारात, तिसरी पाण्यात पूर्ण बुडवून. दोन-तीन दिवसांत पहिल्या दोहोंना मोड येतात. बुडालेली मटकी हवेअभावी मागे पडते, कुजूही लागते. "पाणी तर भरपूर होते, मग?" असे एखाद्या मुलाने विचारले की खरा पाठ सुरू होतो.

पण बहुतेक मुले उत्तरासाठी गुरुजींच्या चेहऱ्याकडेच पाहतात. असे आढळल्यास पुढील पाठात प्रत्येकाने आपला अंदाज आधी पाटीवर लिहावा, एवढाच बदल करावा. किती अंदाज स्वतंत्र होते, प्रश्न कोणी विचारले, हे वहीत नोंदवावे. फरक न पडल्यास तेही लिहून दुसरा बदल करावा. एका वेळी एकच. मटकीला लागू असलेला नियम येथेही लागू आहे.

मध्य प्रदेशात तेव्हाच्या होशंगाबाद जिल्ह्यातील १६ शाळांत १९७२ मध्ये सुरू झालेला विज्ञान शिक्षणाचा कार्यक्रम उच्च प्राथमिक वर्गांसाठी होता. तेथे शिक्षक मासिक बैठकीत वर्गातील अडचणी मांडीत आणि त्यांनुसार पाठ्यपुस्तकातील प्रकरणे बदलली जात. हा कार्यक्रम २००२ मध्ये बंद झाला; ती पद्धती मात्र अनुकरणीय आहे.

कृतिसंशोधनाच्या अहवालात नेहमी यशच नोंदले जाते, याचे कारण शिक्षकापेक्षा तपासणीत अधिक आहे. अधिकाऱ्यांनी टक्केवारीऐवजी ती वही मागावी आणि फसलेल्या पाठाची नोंद दोष मानू नये. पंचायत सदस्यांस याकामी निधीची चिंता नको. मात्र त्यांच्या भेटीसाठी वर्ग आवरताना फळीवरील वाट्या हलविल्या, की तीन दिवसांची नोंद वाया जाते.