सिकलसेलची तपासणी लग्न जुळवण्याआधीच का हवी?

पांढरकवडा, केळापूर, झरी, मारेगाव या भागात ‘अंगात रक्त कमी आहे’ हे घरोघरी ऐकू येते. बहुतेक वेळा कारण लोहाची कमतरता असते. पण मुलाचे हातपाय वारंवार ठणकत असतील, डोळे पिवळे दिसत असतील, सारखा ताप येत असेल, तर सिकलसेलची तपासणी केलीच पाहिजे. हा आजार लोहाच्या गोळ्यांनी बरा होत नाही.

यात रक्तातील गोल तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात. त्या लवकर फुटतात म्हणून रक्त कमी पडते, आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात म्हणून असह्य वेदना होतात.

विदर्भात हा आजार गोंड, कोलाम, परधान या आदिवासींत आणि पूर्वाश्रमीच्या महार, म्हणजे आजच्या बौद्ध समाजात जास्त आढळतो. नागपूरच्या डॉक्टरांनी 1958 मध्येच त्याची नोंद केली होती. त्यावरून काहींनी याला ‘खालच्या जातींचा रोग’ ठरवले. अमेरिकेतही 1910 मध्ये पहिल्या रुग्णाची नोंद झाल्यावर हा ‘काळ्यांचा आजार’ समजला गेला. दोन्ही समज चुकीचे आहेत. आफ्रिका, अरब देश, ग्रीस, इटली आणि मध्य भारत या प्रदेशांत पूर्वी मलेरियाचे थैमान होते. आई किंवा वडील, दोघांपैकी एकाकडूनच सिकलसेलचे जनुक मिळालेले मूल जीवघेण्या मलेरियातून वाचण्याची शक्यता जास्त असे. म्हणून पिढ्यान्पिढ्या ते जनुक टिकले. जातीतच लग्न करण्याच्या रूढीने ते काही समाजांत साठत गेले. विदर्भातील इतर मागासवर्गीयांतही हे जनुक सापडते.

एकच जनुक असलेला माणूस ‘वाहक’. तो रुग्ण नसतो, सहसा त्याला काही त्रासही नसतो. पण नवरा-बायको दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळ सिकलसेलग्रस्त होण्याची शक्यता 25 टक्के, वाहक होण्याची 50 टक्के आणि पूर्ण निरोगी असण्याची 25 टक्के असते. दोष एकट्या आईचा कधीच नसतो. तरीही बोल तिलाच लावला जातो.

1 जुलै 2023 रोजी केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केले. 2047 हे त्याचे लक्ष्यवर्ष आहे. शासकीय आरोग्य केंद्रांत तपासणी होते. रुग्णाला हायड्रॉक्सीयुरियाने बराच आराम पडतो. भरपूर पाणी, फोलिक ॲसिड आणि ताप आल्यास लगेच दवाखाना, हेही तितकेच महत्त्वाचे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातही या आजाराचा समावेश आहे.

आपल्या वधू-वर परिचय मेळाव्यांतील फॉर्मवर उंची, शिक्षण, नोकरी सगळे असते. पत्रिका आपण बाबासाहेबांच्या धम्मदीक्षेबरोबरच सोडली. तिच्या जागी सिकलसेलचा एक रकाना घालायला काय हरकत आहे? वाहक असणे हा कलंक नाही, लपवण्याची गोष्ट तर मुळीच नाही. दोघेही वाहक निघाले तरी डॉक्टरांचा सल्ला आणि गरोदरपणाच्या सुरुवातीलाच बाळाची तपासणी, असे मार्ग आहेत. निर्णय त्या दोघांचा, पण तो माहिती घेऊन झालेला असावा.

विहारातील महिला मंडळांनी आणि तरुणांनी एक रविवार यासाठी द्यावा. आरोग्य केंद्राला कळवून विहारातच तपासणी शिबिर ठेवावे.

जय भीम! नमो बुद्धाय!